प्रभूच्या मेजाबाहेर

पिंपरी पेंढारच्या फाट्यावर जळालेल्या मोटारी भरून देणारी तीन दुकानं होती. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती ट्रॉलीत टाकून फाट्यावर आणायचा. घाईत असला तर पहिल्या दोघांपैकी कुणाकडेही जायचा. पण तीच मोटार पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जळायला नको असेल तर सावळारामकडे. सावळाराम जळकी तार उलगडताना वेढे मोजायचा, आकडा खडूने भिंतीवर लिहायचा आणि नवी तार भरताना तेवढेच वेढे घालायचा. तांब्याच्या नावाखाली ॲल्युमिनिअमची तार खपवणं त्या धंद्यात थोडंफार सगळेच करतात. सावळारामने ते कधी केलं नाही आणि करणाऱ्याला तोंडावर चोर म्हणायलाही तो कचरला नाही, त्यामुळे बाकीच्या दोन दुकानांशी त्याचा कायम छत्तीसचा आकडा. बोरी बुद्रुकचे बागायतदारसुद्धा त्याच्याकडे यायचे, मोटार कोरडी चालवल्याबद्दल त्याची बोलणी खायचे आणि मोटार घेऊन मुकाट्याने जायचे. माणूस खरा होता. खऱ्या माणसाच्या शेजारी राहणं जेवढं अवघड असतं, तेवढंच त्याच्या शेजारी राहणं अवघड होतं.

सावळाराम ख्रिस्ती होता. त्याचे आजोबा मिशनच्या दवाखान्यात कामाला लागले आणि तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी देव बदलला पण घरातली नावं बदलली नाहीत, आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी 'हिंदू महार' लिहिलं तेही तसंच राहू दिलं. पुढे दाखल्यावरून दाखला निघत गेला. तीन पिढ्या झाल्या तरी कागदावर घर हिंदूच होतं. त्या भागातली अशी अठरा घरं मिळून एक मंडळी होती. तीन किलोमीटरवर, दुसऱ्या गावच्या शिवारात, उसाच्या कडेला त्यांचं पत्र्याचं देऊळ होतं. जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणायची. मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, पुण्याहून महिन्यातल्या पहिल्या रविवारी यायचे. बाकीच्या रविवारी शास्त्रवाचन, म्हणजे बायबलचं वाचन, आणि प्रार्थना सावळाराम चालवायचा. तो मंडळीचा पंच होता, आणि पंचाचं काम तो मोटारीसारखंच करायचा, एकही वेढा कमी न घालता.

हल्लीच्या ख्रिस्ती लोकांवर त्याचा राग होता, आणि तो राग अगदीच खोटा नव्हता. मोबाइलवर सुटाबुटातले उपदेशक येतात, हात उंचावून आजार पळवतात, विश्वास ठेवा म्हणजे गाडी मिळेल असं सांगतात, आणि आपली पोरं ते बघून माना डोलावतात, हे त्याला सहन व्हायचं नाही. नाताळात लाल टोपीचा म्हातारा नाचवायचा आणि वधस्तंभाचं नाव काढलं की इकडेतिकडे बघायचं, असला धर्म पोरांना का शिकवता, असं तो भर उपासनेत विचारायचा. शास्त्र म्हणजे काही आपल्या सोयीने कमीजास्त करायची गोष्ट नाही, हे त्याचं ठरलेलं वाक्य. जग बदललं म्हणून पाप काही बदलत नाही, हे दुसरं. लोक ऐकायचे, कारण तो स्वतः तसा वागायचा. बायको ऐन तारुण्यात गेली तेव्हा पदरात चार वर्षांची हर्षाली होती. दुसरं लग्न केलं नाही, पोरीला एकट्याने वाढवलं, आणि त्याच्या चारित्र्यावर कुणाला कधी बोट ठेवता आलं नाही.

मंडळीत एक जुनी पद्धत होती. पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा; त्यालाच मेज म्हणायचे. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, पंचाने घरोघर जाऊन विचारायचं: उद्या मेजाला येणार ना? कुणाशी वैर आहे का? मनात काही लपवलेलं आहे का? ज्याच्या घरात काही उघड पाप असेल त्याचं मेज बंद व्हायचं. त्याने रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून कबुली द्यायची, मग मेज पुन्हा खुलं. दुसऱ्या ठिकाणी ही पद्धत कधीच मोडीत निघाली होती. इथे ती सावळारामने जिवंत ठेवली होती, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

त्याच पद्धतीने त्याने चिमाजीचं मेज बंद केलं.

चिमाजी त्याचा शेजारी, भिंतीला भिंत लागून. दोघं एका वर्गात शिकले, एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतला. चिमाजी पेटी वाजवायचा आणि त्याच्या पेटीशिवाय देवळातलं गायन मोडक्या छकड्यासारखं चालायचं. त्याचा मुलगा ऋतिक जातीच्या राखीव जागेतून सरकारी नोकरीला लागला. कायदा असा की त्या जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्या जातीची सवलत त्याला राहत नाही. म्हणून जातीचा दाखला खरा की खोटा हे तपासायला पडताळणीचे लोक घरी येतात. ते चिमाजीच्या घरी आले आणि चिमाजीने सांगितलं, आम्ही हिंदू. ऋतिकची नोकरी पक्की झाली. पुढच्या शनिवारी सावळाराम त्याच्या दारात उभा राहिला आणि त्याने सरळ विचारलं. चिमाजीने नाही म्हटलं नाही.

"देवापाशी मी रोज कबूल करतो, सावळ्या," तो म्हणाला. "पर देवळात उभा राहून बोललो तर ते आज ना उद्या बाहेर जानार. कुनी तरी अर्ज करनार. पोराची नोकरी जाईल."

"प्रभूला नाकारलंस तू मानसांसमोर," सावळाराम म्हणाला. "मंग कबुली बी मानसांसमोरच."

चिमाजीने ती दिली नाही. त्यानंतर चार वर्षं तो दर रविवारी देवळात येऊन पेटी वाजवायचा, आणि पहिल्या रविवारी मेज मांडलं की उठून बाहेर उसाच्या कडेला उभा राहायचा. त्याची बायको जयाबाई आत बसून भाकर घ्यायची, कारण खोटं नवऱ्याने बोललं होतं, तिने नव्हतं. पाळकसाहेब मवाळ होते. त्यांनी दोनदा सुचवलं की आता पुरे. सावळारामने त्यांना शास्त्र काढून दाखवलं. कोरोनाच्या आदल्या वर्षी, चाळीत कांदा साठवायला भरताना, चिमाजी छातीवर हात ठेवून खाली बसला आणि तिथेच संपला. मेज बंद ते बंदच राहिलं.

त्याची कबर सावळारामने स्वतः खणली. कुदळ मारताना तो लहान पोरासारखा रडला, हे सगळ्यांनी पाहिलं. पण दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी 'ख्रिस्तात निजलेला आमचा बंधू' असं म्हणायला सुरुवात केली तेव्हा त्याने हात वर करून त्यांना थांबवलं, हेही सगळ्यांनी पाहिलं. जयाबाईने पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून मधल्या भिंतीवरून होणारी चटणी-कालवणाची देवघेव तेवढी थांबली.

हर्षाली नर्सिंग शिकली. परीक्षा दे, थोडक्यात हुक, पुन्हा दे, असं करत तिची सहा वर्षं गेली. तिशी आली, एक ठरत आलेलं लग्न नोकरी नाही म्हणून फिसकटलं. मग एके दिवशी तिचा फोन आला: सरकारी परिचारिका म्हणून निवड झाली, घोडेगावच्या पलीकडे डोंगरातल्या आरोग्य केंद्रात नेमणूक आहे. सावळारामने दुकानात गुडघे टेकून प्रार्थना केली आणि फाट्यावर पेढे वाटले. बाकीच्या दोन दुकानांनाही दिले. अर्ज कुठल्या जागेतून भरला होता हे त्याने विचारलं नाही. अर्ज नारायणगावात कम्प्युटरच्या दुकानात बसून भरला होता, आणि सावळारामला कम्प्युटरचं काही कळत नाही, हे तो स्वतःलाच सांगत राहिला. जो माणूस दुसऱ्याच्या दारात उभा राहून मनात काय लपवलंय ते विचारायचा, त्याने स्वतःच्या घरात एवढी एक गोष्ट विचारायची टाळली. न विचारलेल्याचं उत्तर द्यावं लागत नाही, असं त्याला वाटलं असावं.

चार महिन्यांनी हर्षाली रजा काढून घरी आली. पडताळणीचे लोक परवा येणार होते. आल्या आल्या तिने पुढच्या खोलीतला वधस्तंभ खिळ्यावरून उतरवला, बायबलच्या वचनांचं कॅलेंडर काढलं आणि दोन्ही वस्तू आईच्या साडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवल्या. सावळाराम उंबऱ्यात उभा राहून बघत होता. तिने त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. ख्रिस्ती म्हणून दुसऱ्या यादीत जागा असते, पण त्या यादीत तिचे गुण पुरत नव्हते. हीच जागा होती, आणि वय बघता ही शेवटची. परवा तुम्हाला विचारतील, ती म्हणाली.

तो म्हणाला की त्याला खोटं बोलता येत नाही. ते तिला माहीत होतं. ती रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं, कारण रडण्यापुढे कसं उभं राहायचं हे त्याने बायको गेल्यापासून शिकून घेतलं होतं. ती रडली नाही.

"आबा, खरं सांगितलंत तर मी घरी येईन," ती म्हणाली. "तुमच्या दुकानात बसून तार भरीन. एक शब्द बोलणार नाय. फक्त मग ती देवाची इच्छा होती असं म्हणू नका. तुमची होती म्हणा."

दोन दिवस सावळाराम दुकानात गेला नाही. शास्त्र उघडून बसला, पण त्याला हवं ते त्यात सापडेना. अब्राहामाने पोराला बळी द्यायला वेदीवर बांधलं होतं, हे वाचून त्याने शास्त्र मिटवलं. अब्राहामाला निदान देवाने बोलावून सांगितलं होतं. इथे देव काहीच बोलत नव्हता, आणि पोरगी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. चिमाजीही असाच दोन दिवस बसला असेल का, हा विचार त्याच्या मनात पहिल्यांदा आला. चार वर्षं भिंतीपलीकडे तो माणूस जिवंत होता, तेव्हा हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

पडताळणीचे दोघं सकाळी अकराच्या सुमाराला आले, एक साहेब आणि एक लिहिणारा. साहेब सभ्य होता. येताना तो पोलीस पाटलाला भेटून आला होता, आणि पाटलाने त्याला सांगितलं होतं की सावळारामभाऊला विचारा, तो म्हणेल तेच खरं, या माणसाच्या तोंडून आजवर खोटं निघालेलं नाही. साहेबाने हे हसत हसत सांगितलं.

प्रेषित पेत्राला शेकोटीपाशी तीन वेळा विचारलं होतं, तू येशूचा माणूस ना, आणि तिन्ही वेळा त्याने नाकारलं होतं. सावळारामपुढे छापील कागद होता आणि त्यावर एकवीस प्रश्न होते. धर्म कोणता? हिंदू. कुलदैवत? त्याने आजोबांच्या तोंडून लहानपणी ऐकलेलं नाव सांगितलं. लग्न कसं लावता? मयताला काय करता? सण कोणते? प्रत्येक उत्तराला लिहिणारा मान खाली घालून लिहायचा आणि साहेब 'बरं' म्हणायचा. पहिल्या उत्तराला सावळारामचा आवाज कापला. पाचव्या-सहाव्यापर्यंत तो नीट बोलायला लागला होता. विसाव्यापर्यंत तर ओळखीच्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसा बोलत होता, आणि नंतर त्याला सगळ्यात जास्त खाणारी गोष्ट हीच होती, की ते इतकं सोपं गेलं. हर्षाली चहा घेऊन आली. बापाकडे न बघता तिने कप ठेवले.

मग साहेब म्हणाला, एका शेजाऱ्याचा जबाब लागेल. आणि लिहिणारा उठून भिंतीपलीकडे गेला.

सावळारामला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी काय करणार होता? जयाबाई अंगणात कांदा निवडत होती. ती पदराला हात पुसत आली आणि दारात उभी राहिली. साहेबाच्या पाठीमागच्या भिंतीवर, खिळ्याखाली, वधस्तंभाच्या आकाराचा पांढरा डाग होता. तिची नजर आधी तिथे गेली, मग हर्षालीवर, मग सावळारामवर. तिच्या नवऱ्याला उसाच्या कडेला उभं करणारा माणूस खाटेवर बसून तिच्या तोंडाकडे बघत होता. एका शब्दाचं काम होतं. ती शब्द बोलली असती तर तिला कुणी नावं ठेवली नसती, आणि सावळारामने तर नक्कीच ठेवली नसती.

"चाळीस वर्सं शेजारी हाय मी," जयाबाई म्हणाली. "हिंदूच हायेत. चर्चला जाताना म्या तरी पाह्यलं न्हाई कदी."

लिहिणाऱ्याने लिहिलं, तिने सही केली आणि ती कांदा निवडायला परत गेली.

साहेब गेल्यावर हर्षाली बापाच्या पायाशी बसली, त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि तेव्हा रडली. त्याने तिच्या केसांवरून हात फिरवला. आपण केलं ते बरोबर केलं असं त्याला त्या क्षणी वाटलं, आणि तेही त्याने नंतर स्वतःच्या नावावर पाप म्हणून धरलं.

तो आठवडा शुक्रवारपर्यंत कसा तरी गेला. शनिवार आला, आणि दुसऱ्या दिवशी पहिला रविवार होता. पंचाने घरोघर जायचं होतं. सावळारामने धुतलेला सदरा घातला, आणि बाकीची सोळा घरं सोडून एकाच घरी गेला. जयाबाईने त्याला बसायला पोतं दिलं. कितीतरी वर्षांत तो त्या घरात गेला नव्हता, शनिवारी दारातूनच विचारून परतायचा. पेटी कोपऱ्यात होती, तिच्यावर गोधडी घातलेली.

त्याने सांगितलं की उद्या तो सगळ्यांसमोर उभा राहणार आणि कबुली देणार. चिमाजीला लावलेला नियम त्याला स्वतःला चुकवता येणार नाही. जयाबाईने ऐकून घेतलं.

"सांगा की," ती म्हणाली. "मंग जबाब कुनी दिला त्ये बी सांगावं लागंल. माजी सही हाय त्यावर. शेजाऱ्याचं निघालं म्हंजी आमच्या ऋतिकचं बी निघंल, त्याला बारकं पोर हाय आता. आन हर्षाली तर जानारच. तुमच्या एकट्याच्या पश्चात्तापाला कितीजन घिऊन जाताय?"

सावळारामने कोपऱ्यातल्या पेटीकडे पाहिलं. मग म्हणाला, "चिमाजी हेच म्हनत व्हता."

"व्हय. चार वर्सं म्हनत व्हता."

त्याने विचारलं की मग तिने त्याला का वाचवलं. ती म्हणाली की तिने त्याला वाचवलेलं नाही. हर्षालीची आई मेली तेव्हा चार महिने ती पोर हिच्या घरात जेवली होती, त्या पोरीचं तोंड बघून जयाबाईने जबाब दिला. तुमच्यापायी एक खोटं पण बोलले नसते भाऊ, असं ती अगदी शांतपणे म्हणाली, आणि त्याला पाणी दिलं. तो पाणी पिऊन उठला. चिमाजीबद्दल तिची क्षमा मागायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण क्षमा मागितली की तिला ती द्यावी लागणार, आणि आधीच तिच्याकडून फार घेऊन झालं होतं. तो तसाच घरी आला.

रविवारी उपासनेआधी त्याने पाळकसाहेबांना सांगितलं की गुडघे धरलेत, उभं राहवत नाही, पंचाचं काम आता दुसऱ्या कुणाला द्या. मग तो शेवटच्या बाकावर जाऊन बसला. भाकरीचं ताट ओळीने पुढे आलं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं, शेजाऱ्याकडे दिलं आणि स्वतः काही घेतलं नाही. चिमाजीसारखं उठून बाहेर जाणंही त्याच्या हातात नव्हतं. बाहेर गेला असता तर लोकांनी कारण विचारलं असतं, आणि कारण सांगायचं नव्हतं. म्हणून आत बसून उपाशी राहायचं. पाळकसाहेबांनी त्याच रविवारी त्याचं उदाहरण दिलं. पद मिळवायला सगळे धडपडतात, आपण होऊन सोडणारे कमी, असं ते म्हणाले, आणि सगळ्यांनी मागे वळून त्याच्याकडे आदराने पाहिलं. एकट्या जयाबाईने मागे वळून पाहिलं नाही.

एकांतात त्याने देवाकडे कबुली दिली का? रोज दिली. दुकानात मोटार उघडी टाकून दिली, आंघोळीच्या पाण्यात दिली. देवाने क्षमा केली असेल, असं त्याला कधी कधी वाटायचंही. पण ती क्षमा धरून मेजाशी जायचं म्हणजे चिमाजीला लावलेला नियम स्वतःपुरता सैल करायचा. चिमाजीनेही एकांतात कबुली दिलीच होती, आणि ती सावळारामने पुरेशी धरली नव्हती. आता स्वतःची तेवढीच कबुली पुरेशी धरली तर चिमाजीची चार वर्षं कशासाठी होती? कुणी म्हणेल, देव एवढा कद्रू नसतो, आणि तसं म्हणणारा बहुतेक बरोबर असेल. पण आपला नियम चुकला होता हे कबूल करायचं तर कुणापुढे? ज्याच्यापुढे करायचं तो मातीत होता.

जातीच्या दाखल्याच्या वैधतेचा कागद आला. हर्षाली कायम झाली. डोंगरातल्या बायका तिला नावाने ओळखायला लागल्या. रात्रीबेरात्री बाळंतीण अडली तरी ती जाते, असं त्या भागात जाणाऱ्या एस.टी.चे कंडक्टरही सांगायचे. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, देवळात, पेटीवर दुसऱ्या कुणीतरी बरीवाईट सुरावट वाजवली. नवरा शिक्षक, मंचरचा, त्यांची मंडळी तिकडची. ती सणावाराला यायची, बापाला औषधं आणायची, त्याच्या नव्या मवाळपणाचं तिला बरं वाटायचं. आबा आता कुणाला टोचून बोलत नाहीत, ती नवऱ्याला सांगायची. त्या सकाळचा विषय बापलेकीत पुन्हा निघाला नाही. तिच्यापुरता तो संपला होता, आणि तरण्या माणसाने तसं संपवलं तर त्यात काही वावगं नाही. वधस्तंभ तिनेच ट्रंकेतून काढून पुन्हा खिळ्यावर टांगला होता.

दुसऱ्या वर्षी सावळारामच्या पोटात गाठ निघाली. निघाली तेव्हाच उशीर झाला होता. हर्षाली रजा टाकून घरी येऊन राहिली. शेजारून जयाबाई पेज घेऊन यायची, तो दोन घोट घ्यायचा आणि तोंड फिरवायचा. त्याची सेवा ती हर्षालीच्या बरोबरीने करायची, अंथरूण बदलण्यापासून. दोघांत बोलणं होत नव्हतं, पण ती खोलीत आली की तो डोळे उघडायचा.

पहिल्या रविवारी उपासना आटोपून पाळकसाहेब थेट त्याच्याकडे आले. आजाऱ्याला मेज घरी नेऊन देतात. छोट्या डब्यात भाकरीचा तुकडा होता, बाटलीत द्राक्षरस. त्यांनी खाटेशी बसून प्रार्थना केली, तुकडा रसात भिजवला, आणि त्याच्या ओठांशी नेला.

सावळारामने ओठ मिटून घेतले.

पाळकसाहेब थांबले, पुन्हा नेला. हर्षालीने बापाचं डोकं हातावर धरलं. "आबा, घ्या ना, कणभर घ्या," ती म्हणाली. त्याच्या अंगात मान वळवायचंही बळ नव्हतं, पण ओठ उघडले नाहीत. त्याने फक्त डोळे फिरवून दाराकडे पाहिलं. दारात जयाबाई पेजेची वाटी घेऊन उभी होती. पाळकसाहेब गोंधळले; त्यांनी तिला विचारलं की यांच्या मनात काही आहे का, काही सांगायचं राहिलंय का.

जयाबाईने वाटी खाली ठेवली.

"ऱ्हाऊ द्या, सायेब," ती म्हणाली. "त्यानला भूक न्हाई."

पाळकसाहेबांनी तुकडा डब्यात परत ठेवला. आजारपणात असं होतं, देव मन बघतो, असं म्हणून त्यांनी हर्षालीच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते निघाले. तिने त्यांना मोटारसायकलपर्यंत पोचवलं. बोलता बोलता ते सहज म्हणाले की तुमचे वडील अलीकडे देवळातही मेज घेत नसत असं कानावर आलंय, मला वाटलं पथ्यपाणी असेल.

ती परत अंगणात आली तेव्हा जयाबाई चूळ भरायचं भांडं विसळत होती. हर्षालीने तिला विचारलं, मामी, आबांनी मेज कधीपासून सोडलंय?

जयाबाईने भांडं पालथं घातलं, हात झटकले.

"तुज्या कागदाचं लोक आल्तं ना," ती म्हणाली, "त्याच्या फुडल्या ऐतवारपासनं."

हर्षाली आत गेली, खाटेशी खाली बसली, आणि बापाचा हात दोन्ही हातांत घेतला. सवयीने तिचं बोट मनगटावरच्या नाडीवर गेलं. ती त्याच्या कानाशी वाकून काहीतरी बोलली, पुन्हा बोलली, बराच वेळ बोलत राहिली. त्याला ते ऐकू गेलं की नाही हे सांगता येत नाही. मंगळवारी सकाळी तो गेला, आणि ओठ शेवटपर्यंत मिटलेलेच होते.